पाचवी चिमणी

बेळगावातल्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजाच्या डाव्या अंगाला भिंतीवर एक जुनी लाकडी पेटी आहे. कधीकाळी तिच्यात विजेचे फ्यूज होते. आता ती रिकामी आहे, दार नीट मिटत नाही, आणि त्या फटीतून चिमण्यांनी आत घर केलंय. उपासना चालू असताना नर गवताची काडी घेऊन खिडकीच्या गजावर येतो, मान वाकडी करून सगळ्या मंडळीकडे एकदा बघून घेतो आणि मग पेटीत शिरतो. काड्या मेजावरच्या पांढऱ्या कापडावर पडतात. पाळकसाहेब उपासनेआधी त्या स्वतः वेचतात.

मध्यंतरी पेटी काढून भिंत सारखी करायची टूम निघाली होती. बैठकीत आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या भगिनी उठल्या आणि त्यांनी चौऱ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. चिमणीला घर मिळालंय, भिंगरीला पिलं ठेवायला कोटं मिळालंय, आणि तेही कुठं, तर परमेश्वराच्या वेदीपाशी. एवढं वाचून त्या खाली बसल्या. पेटी राहिली.

यंदा एप्रिलमध्ये त्या पेटीतून एक पिलू पडलं. रविवार होता, उपासना संपून माझा शब्बाथशाळेचा वर्ग नुकताच बसला होता. पिलाचे डोळे अजून उघडले नव्हते, अंगावर पिसं नव्हती, पातळ कातडीखाली पोटातलं काळसर काहीतरी दिसत होतं. चोचीच्या कडा मात्र हळदीसारख्या पिवळ्याधमक. मी तळहातावर घेतलं तेव्हा त्यानं एकदाच आ केला. मग केला नाही. माझ्या वर्गात सात वर्षांची एक मुलगी आहे, तिनं विचारलं, "बाई, देवाला दिसलं नाही काय हे?"

दोन चिमण्या दमडीला विकतात, पण त्यांतली एकही पित्यावाचून जमिनीवर पडत नाही, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातलं वचन मी चाळीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेत आले. पण हातात मेलेलं पिलू असताना ते वचन तोंडाशी आलं आणि मी अडखळले. आपल्याकडे सांगताना आपण ‘पित्याच्या इच्छेवाचून’ असं म्हणून जातो. मग ऐकणाऱ्या लेकराला वाटतं, म्हणजे त्यानंच पाडलं. मूळ ग्रीक वाक्यात नुसतं ‘तुमच्या पित्यावाचून’ एवढंच आहे. इच्छा, आज्ञा हे शब्द भाषांतर करणाऱ्यांनी अर्थ उलगडण्यासाठी घातले. मला त्या उघड्या, अपुऱ्या वाक्यात जास्त आधार वाटतो. चिमणी पडते तेव्हा तो तिथं असतो. पडू का देतो, ते त्या वाक्यात नाही.

लूकच्या शुभवर्तमानात तेच वचन जरा निराळं आहे. तिथं हिशेब आहे पाच चिमण्या दोन दमड्यांना. एका दमडीला दोन, तर दोन दमड्यांना चार व्हायला हव्यात. पाचवी वर घातलेली. आमच्या गणपत गल्लीत भाजी घेतली की बाई वर चार काड्या कोथिंबीर टाकते ना, तशी. त्या काळी गरिबाघरचं मांस म्हणजे चिमण्या, आणि त्यांतही पाचवीला किंमतच नाही. प्रभू येशू म्हणतो, तिचाही देवाला विसर पडत नाही.

"दिसलं," मी त्या मुलीला म्हटलं. "तो इथंच होता." पिलू आम्ही आवारातल्या तगरीच्या बुंध्याशी पुरलं. तिचं समाधान झालं असं मला वाटलं नाही. माझंही झालं नव्हतं.

पाखरांचं आणि माझं जुनं आहे, आणि सुरुवात काही प्रेमाची नव्हती. माझे वडील शहापुरात मागावर विणकाम करायचे. मी पाचवीत असताना त्यांचं काम कितीतरी महिने बंद पडलं. रात्री दिवा घालवल्यावर आई अंधारात म्हणायची, "पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारात साठवत नाहीत. त्यांना कोण देतंय? मग तुम्हाला देणार नाही व्हय?" पोटात नाचण्याची आंबील असायची, कधी तीही पातळ. मला त्या पाखरांचा राग यायचा. यांचं बरं आहे, कष्ट ना चिंता, उठायचं आणि खायचं. आईचा विश्वास मोठा होता, माझ्या वाट्याला त्यातली फक्त तुलना आली.

त्या वचनाचा पहिला शब्द मला पन्नाशी उलटल्यावर दिसला. ‘आकाशातील पाखरांकडे निरखून पाहा.’ चिंता करू नका, हे डोंगरावरच्या त्या प्रवचनात आहेच, पण पाखरांपाशी आल्यावर प्रभू आधी पाहायला सांगतो. नुसतं पाहा नव्हे, निरखून. ही आज्ञा आहे. बाकीच्या आज्ञा आपण पाळतो किंवा मोडतो, मोडल्याचं निदान वाईट तरी वाटतं. ही आज्ञा आपण आज्ञा म्हणून ऐकतच नाही. मी निवृत्त होईपर्यंत एकदाही ती पाळली नव्हती.

मग सकाळी टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला जाताना पाळायला लागले. बाकीचे हात हलवत भराभर फेऱ्या मारायचे, मी एका झाडाखाली थांबायची. वाळक्या फांदीच्या पोटाला तांबट चोचीनं भोक पाडत होता. मुठीएवढा पक्षी, कपाळावर कुंकवासारखा लाल ठिपका. दोन-चार ठोके मारायचा, भुसा बाहेर फेकायचा, पुन्हा ठोके. मी रोज गेले आणि रोज तो तिथंच होता. कुणी म्हटलं ही कष्ट करत नाहीत? वचनात तसं नाहीच. पेरत नाहीत, कापत नाहीत, साठवत नाहीत, एवढंच आहे. राबतात ती दिवसभर. लहानपणीचा माझा राग एका तांबटानं आठवड्याभरात उतरवला.

पण ‘तुमचा स्वर्गीय पिता त्यांना खायला देतो’ याचा अर्थ मला कळला तो खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या बाजूला.

जांबोटी सोडली की रस्ता रानात शिरतो. पलीकडे चोर्ला घाट आणि गोवा. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते. तिथून फार लांब नाही त्या भीमगडच्या रानात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला समुद्राकडे जाते. भीमगडचं जवळपास १९० चौरस किलोमीटर रान २०११ साली अभयारण्य झालं. आजूबाजूची गावं लहान, बोलणं मराठी, शेती थोडी, पाऊस उदंड. तिथल्या एका गावात माझ्या जुन्या विद्यार्थिनीचं सासर आहे. तिच्या सासऱ्यांनी, त्यांना आम्ही मामा म्हणतो, मे महिन्यात निरोप धाडला, "बाईंना म्हणावं, धनेश बसलाय ढोलीत. बघायचा असंल तर पाऊस लागायच्या आत या."

पहाटे आम्ही निघालो. गावाच्या वरच्या अंगाला देवराई आहे. आत शिरण्याआधी मामांनी पायताण काढलं. मीही काढलं. तीस-एक फुटांवर एका जुन्या बेहड्याला ढोली होती आणि ढोलीचं तोंड लिंपलेलं होतं, मध्ये बोटभर रुंदीची उभी चीर. "हलू नकासा, बाई. गप बसा," मामा कुजबुजले.

आत मादी होती. धनेशाची मादी अंडी घालण्याआधी ढोलीत शिरते आणि आपल्याच विष्ठेनं, खाल्लेल्या फळांच्या चोथ्यानं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी उरते. आत बसल्यावर बहुतेक धनेश जातींत तिची उडायची पिसं झडून नवी यायला लागतात, म्हणजे वाटलं तरी तिला उडता येत नाही. अंडी, मग पिलं, मग पिलांची वाढ, कितीतरी आठवडे तिचं आणि लेकरांचं सगळं पोट बाहेरच्या एका नरावर. पक्षी रानात एकटा गेला आणि परत आला नाही, तर आतल्यांचं काय होणार ते सांगायला नको.

हा होता मलबारी राखी धनेश. तो आपल्या सह्याद्रीच्या रांगांतच सापडतो, जगात दुसरीकडे कुठं नाही. आमच्याकडे धनेशाला कुणी ककणेर म्हणतं, कानडीत मंगट्टे. मोठ्या धनेशांच्या चोचीवर असतं तसं शिंग याला नसतं. आधी आवाज आला, कुणीतरी खो खो हसत सुटावं तसा. मग पंखांची जड फडफड. नर शेजारच्या फांदीवर बसला आणि बराच वेळ नुसता बसून राहिला, इकडं बघ, तिकडं बघ. मग ढोलीपाशी येऊन बुंध्याला चिकटला. त्याची चोच रिकामी होती. मला वाटलं काहीच मिळालं नाही बिचाऱ्याला. तेवढ्यात त्यानं मान मागे झटकली आणि चोचीच्या टोकाशी एक लाल उंबर आलं. चिरेतून दुसरं टोक बाहेर आलं, उंबर आत गेलं. पुन्हा मान झटकली, पुन्हा एक. घशात भरून आणलेली फळं तो एकेक करून वर काढत होता आणि एकेक करून देत होता. घाई नाही. मी मोजली, सतरा. शेवटी एक सरडुकलं.

अडीच तासांत तो पाच वेळा आला. मी हलले नाही, पायाला मुंग्या आल्या, डास चावले. माझ्या ओठांवर नकळत आईचं वाक्य येत होतं, यांना कोण देतंय, यांना कोण देतंय. उत्तर समोर होतं. स्वर्गीय पिता देतो, आणि देतो ते असं, एका थकलेल्या पाखराच्या घशातून, मोजून.

आणि ते उंबर तरी कुठून आलं? उंबराचं फळ म्हणजे आत मिटलेला फुलोरा असतो. फुलं बाहेरून दिसतच नाहीत. तिळाहून बारीक एक गांधीलमाशी टोकाच्या छिद्रातून आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात. आत परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथंच मरते. तिची लेकरं आत जन्मतात, माद्या पराग घेऊन बाहेर पडतात आणि दुसरं उंबर गाठतात. वड, पिंपळ, नांद्रुक, प्रत्येकाची बहुतेक वेगळी माशी. तिची पिढी खंडू नये म्हणून रानात बारमाही कुठलं तरी झाड फळावर असावं लागतं. त्यामुळेच बाकीची झाडं रिकामी असतात तेव्हाही धनेशाला काही ना काही मिळतं. त्या माशीला धनेश माहीत नाही. धनेशाला माशी माहीत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस घडण्याच्या आधी, पाचव्या दिवशीच पाखरांना आशीर्वाद मिळालाय, फळा-फुला, बहुगुणित व्हा. तो आशीर्वाद पोचवायला किती जण राबतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नजरेनं बघितलं.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. तो बेहडा उभा होता तो देवराईत होता म्हणून. आम्ही ख्रिस्ती माणसं देवराईकडे जरा लांबूनच बघत आलो. माझे आजोबा तर म्हणायचे, तिकडं आपलं काही काम नाही. माझा देव झाडात राहत नाही, हे मी आजही तितक्याच खात्रीनं म्हणते. सृष्टी वेगळी, सृष्टिकर्ता वेगळा, आणि गुडघे टेकायचे ते त्याच्यापुढं. पण एदेन बागेत माणसाला ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला, हे आमच्या शास्त्रात पहिल्या दोन पानांतच लिहिलंय. ते वाचणाऱ्या आम्ही किती झाडं राखली? आणि मामांच्या आज्या-पणज्यांनी, हे पान न वाचता, पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात कोयता नेला नाही. त्यांच्या राखणीच्या सावलीत बसून मी माझ्या पित्याचं देणं बघितलं. मला त्याचं ओझं वाटलं, आणि कृतज्ञताही. मी मामांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "आमी काय केलंय वो, तोडलं न्हाई एवढंच."

परत येताना खानापूरच्या रस्त्यानं आलो. हा रस्ता माझ्या लहानपणी वडा-आंब्यांच्या बोगद्यासारखा होता. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढला की पारंब्या लागतील असं वाटायचं. रुंदीकरणात ती झाडं गेली. रस्ता हवा होता, हे मला कळतं. माझीच माणसं त्या अरुंद रस्त्यावर अपघातात जायबंदी झाली आहेत. पण झाडं पडत होती त्या आठवड्यांत मी दोनदा तिथून गेले आणि दोन्ही वेळा पुस्तक उघडून मान खाली घातली. निषेध म्हणून नाही, दिसू नये म्हणून. आता त्या अडीच तासांनंतर वाटतं, एक वड पडतो तेव्हा देणाऱ्याच्या हातावरच घाव बसतो. पाखरांना खायला तोच देतो, आणि ज्या हातानं देतो तो हात आपण तोडतो, आणि मग रविवारी तेच वचन वाचतो. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात एक छोटी आज्ञा आहे, वाटेत घरटं दिसलं आणि पक्षीण पिलांवर बसलेली असली तर पिलांसकट आईला धरू नको. तिच्यापुढं वचन कुठलं दिलंय? तुझं कल्याण होईल, तू दीर्घायू होशील. आईबापाचा मान राख, या आज्ञेपुढं जे आहे तेच. घरट्यातल्या आईची किंमत एवढी लावलेली आहे.

मंडळीतले काही जण मला म्हणतात, बाई, पाखरांच्या नादात प्रार्थनेला वेळ मिळतो का? ते मायेनं विचारतात. मी त्यांना धुपदाळला घेऊन जाते. गोकाक तालुक्यात घटप्रभेवर ब्रिटिश अमदानीतला बंधारा आहे. त्याच्या फुगवट्याच्या पाण्यावर आता पक्षी अभयारण्य आहे. थंडीत मध्य आशियाकडून कांड्या करकोचे येतात, पांढरे करकोचेही उतरतात. गेल्या जानेवारीत उसाच्या मोकळ्या झालेल्या रानात आम्ही अकरा पांढरे करकोचे मोजले, लाल पाय, लाल चोच, पंखांना काळी किनार, ढेकळांतून सावकाश चालणारे. यिर्मया संदेष्टा म्हणतो, आकाशातल्या करकोच्यालाही आपला नेमलेला वेळ कळतो, पण माझ्या लोकांना परमेश्वराचा न्याय कळत नाही. यिर्मयाच्या डोक्यावरून जाणारे ते थवे आफ्रिकेच्या वाटेवरचे, आमच्या रानात येणारे वेगळ्या मुलखाचे, पण जात एकच. हिब्रूत या पक्ष्याचं नाव हसीदा, आणि त्या नावाच्या मुळाशी प्रीती, निष्ठा असा शब्द आहे. मंडळीच्या कारभारातले आमचे एक वडील, जे हिशेबाची वही कधी खाली ठेवत नाहीत, ते बांधावर टोपी काढून उभे राहिले. प्रार्थनेला वेळ मिळतो का, हे त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही.

भीमगडच्या रानात बारापेडेची गुहा आहे, तिच्यात एक वटवाघूळ राहतं, मोठ्या कानांचं. १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं, आणि त्यानंतर किती दशकं ते जगात फक्त या एकाच जागी माहीत होतं. पुढे मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. बायबलातल्या लेवीय पुस्तकात वटवाघळाला पाखरांच्याच यादीत, अगदी शेवटी घातलंय. मी ते बघितलेलं नाही आणि बघायला जाणारही नाही, त्याला त्रास नको. पण शब्बाथशाळेत मी त्याची गोष्ट सांगते. कुणालाही माहीत नव्हतं तेव्हाही ते तिथं होतं, रोज रात्री बाहेर पडत होतं आणि त्याला खायला मिळत होतं. मुलांना ही गोष्ट फार आवडते, पाचव्या चिमणीहून जास्त.

जून लागला, पावसाच्या दोन-तीन सरी झाल्या आणि मी पुन्हा कणकुंबीकडे गेले. धुकं इतकं की देवराईची पहिली झाडंसुद्धा हात लावल्यावरच कळत होती. बेहड्याच्या बुंध्याशी लिंपणाचे तुकडे पडले होते. एक मी उचलला. वाळलेल्या गोवरीसारखा हलका, आणि त्यात उंबराच्या बारीक बियांचे ठिपकेच ठिपके. खाली पाचोळ्यातून त्याच बियांची दोन-दोन पानांची रोपं वर आली होती, पाय ठेवायला जागा नाही इतकी.

"गेली वो, बाई. चार दिस झाले," मामा म्हणाले.

"पिलं किती?"

"दोन म्या बघितली. आत अजून असंल तर काय म्हाईत न्हाई."

आम्ही परत फिरणार तोच वरून ते हसू आलं, आधी डावीकडून. मग जरा लांबून दुसरं. मग त्या दोघांच्या मध्ये कुठंतरी एक बारीक, फाटका, अजून नीट न जमलेला आवाज. धुक्यात दिसत काहीच नव्हतं. मी लिंपणाचा तुकडा मुठीत धरून मोजत उभी राहिले.